एक बोरॉन कमी

नवाबागच्या वाटेवर, बर्फाच्या कारखान्यामागे
भाड्याची एक खोली.
टेबलाचे पाय मी वाळूच्या डब्यांत रोवलेत,
कारण मासळीचा टेम्पो वळला
की सूक्ष्मदर्शकातलं सगळं जग हलतं.

लहानपणी कडावलहून कुणी अभ्रकाचा तुकडा आणला होता.
नखानं सोलत बसायचो,
पापुद्र्याखाली पापुद्रा,
शेवटी बोटावर काय उरलंय ते
उजेडाकडे तिरकं धरलं तरच कळायचं.
आता तेच करते, पगार घेऊन.
बोरॉन नायट्राइडचा पांढरा कण, साधी चिकटपट्टी,
चिकटव, ओढ. चिकटव, ओढ.
तारलीच्या खवल्याहून हजारो पट पातळ होईतो.

षटकोनाला षटकोन लागलेला,
बोरॉन, नायट्रोजन, बोरॉन, नायट्रोजन,
कुठे एक गाठ सैल नाही.
इतकं धड, की त्याला काही विचारताच येत नाही.

म्हणून वर्षभर अर्ज केले
आणि दूरच्या शहरात हेलियमचा झोत
मागून घेतला, मिनिटभरासाठी.
इथे एक, तिथे एक, बोरॉन उडून गेला.
कुंकवाच्या डबीएवढ्या खोक्यात नमुना परतला,
एसटीनं, माझ्या मांडीवर.

बाबलमामा गिरप संध्याकाळी डोकावतो.
खिशात जाळ्याची सुई, अंगाला सुक्या सुंगटांचा वास.
"तू पण जाळांच सांधतंस मां?"
"नाय मामा, मी भोकां पाडतंय."
त्यानं माझ्याकडे पाहिलं
जसं पेरणीचं बियाणं शिजवणाऱ्याकडे पाहावं.

मग बसला. रॉकेलच्या डब्यावर.
सांगितलं त्याला: एक गेला, त्याच्या भोवतीचे
तीन नायट्रोजन उरले, हात अर्धवट पुढे केलेले.
त्या हातांत जे इलेक्ट्रॉन, त्यांना स्पिन असतो.
भोवरा म्हणू नको, फिरत काही नाही.
पण रोख आहे.
हिरवा लेझर टाकला की ती जागा लाल उजळते,
डोळ्याला दिसेल त्याच्या जरा पलीकडचं लाल,
आणि किती उजळते त्यावरून
रोख कुठला, ते वाचता येतं.
मामा म्हणाला, "रात्री जाळां कंदिलासमोर धरतंव आमी.
भोक उजेडाकच गावता."
मी हे अर्जात लिहायला हवं होतं.

इतर ठिकाणी असल्या गोष्टींना गोठवावं लागतं म्हणे.
माझ्या पाठीशी अख्खा बर्फाचा कारखाना,
आणि ह्याला बर्फ नको.
वेंगुर्ल्याच्या घामातही बोलतं,
हळू, शंभरातले तीन फोटॉन कमी करून,
सूक्ष्मलहरींचा सूर नेमका लागला की.
पडद्यावर सरळ रेघ, आणि मध्ये
दोन खड्डे, एकमेकांना बिलगलेले.

"माशे गावतीत ह्येच्यात?"
"नाय."
"मग?"
मग काय. क्वांटम यंत्रं, म्हटलं, कधीतरी.
कधीतरी म्हटल्यावर तो उठला, घरी गेला,
आणि अर्ध्या तासानं परत आला
मेलेल्या रेडिओच्या स्पीकरचा चुंबक घेऊन,
काळा, गंजाची कड असलेला, मुठीएवढा.
"ह्यो धर तेच्यासमोर. होकायंत्रासमोर धरलंय
तर खुळावता. तुझ्या भोकाक कळता काय बघूया."

मला हसू आलं होतं, ते तोंडातच राहिलं.
चुंबक जवळ येत गेला, वीतभर, चार बोटं,
आणि ते दोन खड्डे
सरकायला लागले, एकमेकांपासून लांब,
वल्ह्यानं ढकलल्यासारखे.
त्यानं हात मागे घेतला. जवळ आले.
पुढे नेला. लांब.
मागे. पुढे. सत्तरीचा माणूस,
श्वास रोखून, जे नाही त्याच्याशी खेळतोय.

"कळलां," म्हणाला. एवढंच.

मग लाईट गेली.
इन्व्हर्टर दोनदा किंचाळला आणि गप्प झाला,
अंधारात आधी बाबलमामा शिंकला,
मग समुद्र ऐकू आला, जो तसा सारखाच चालू असतो.
मोबाईलच्या उजेडात वहीत लिहिलं:

नमुना सात. तापमान एकोणतीस. आर्द्रता अठ्ठ्याऐंशी.
चुंबक: रेडिओचा, बी. गिरप यांचा.
अंतर मोजायचं राहिलं. उद्या पट्टी घेऊन बोलावणे.